घोड्यांच्या पाठीवर शिसं लादणारा ॲडमिरल : रेसमधल्या हँडिकॅपचा बाप कोण होता?

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर डर्बी असली की आपल्या फीडवर दोन गोष्टी हमखास येतात. एक म्हणजे मोठमोठ्या हॅट घातलेले सेलिब्रिटी, आणि दुसरी म्हणजे विनिंग पोस्टजवळ एका मानेच्या फरकाने जिंकलेला घोडा.

एक गोष्ट मात्र रीलमध्ये कधीच दिसत नाही. वजनकाटा.

प्रत्येक रेसच्या आधी जॉकी आपलं खोगीर हातात घेऊन काट्यावर बसतो. ठरलेल्या आकड्यापेक्षा वजन कमी भरलं तर खोगिराच्या कप्प्यात शिशाच्या पट्ट्या सरकवल्या जातात. रेस संपली की पुन्हा वजन. आत जाताना ५८ किलो आणि बाहेर येताना ५६, असं झालं तर जिंकलेली रेसही हातातून जाते.

आता प्रश्न असा की पळणाऱ्या घोड्याच्या पाठीवर मुद्दाम शिसं कशाला ठेवायचं?

याचं उत्तर द्यायला एका ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्याची गोष्ट सांगावी लागते. त्याचं नाव हेन्री जॉन राऊस. समुद्रावरची नोकरी संपल्यावर या माणसाने उरलेलं सगळं आयुष्य एकाच कामात घातलं. कुठल्या घोड्याच्या पाठीवर किती वजन टाकलं की तो बाकीच्या घोड्यांच्या बरोबरीला येईल, हे ठरवण्यात.

याला म्हणतात हँडिकॅप. समजायला सोपं आहे. मोठा भाऊ आणि धाकटी बहीण यांची गल्लीत शर्यत लावायची आहे. भाऊ जिंकणार हे सगळ्यांना माहितीय. मग बघायला कोण थांबणार आणि पैज कोण लावणार? पण भावाच्या पाठीवर पुस्तकांनी भरलेलं दप्तर दिलं तर? दप्तर नेमकं किती जड असावं, हे ठरवणारा माणूस म्हणजे हँडिकॅपर.

शब्दाचीही एक गंमत आहे. हँडिकॅप हा शब्द टोपी हातात धरून भीक मागण्यावरून आला, अशी पोस्ट तुम्ही कधी ना कधी वाचली असेल. ते खोटं आहे. हा शब्द आला जुन्या इंग्लंडमधल्या अदलाबदलीच्या एका खेळावरून. दोघांनी आपापली वस्तू पुढे करायची, तिसऱ्याने पंच होऊन दोन्ही वस्तूंच्या किमतीतला फरक सांगायचा आणि खेळणाऱ्यांनी टोपीत हात घालून सौदा मान्य आहे की नाही ते दाखवायचं. टोपीत हात, म्हणून हॅण्ड-इन-कॅप. पुढे घोड्यांच्या शर्यतीत दोन घोड्यांमधला फरक पंच वजनाने भरून काढायला लागला आणि शब्द तिकडे गेला. शारीरिक अपंगत्वासाठी तो वापरला जाऊ लागला ते फार नंतर.

तर राऊस.

जन्म २३ जानेवारी १७९५ चा, इंग्लंडमधल्या सफोक परगण्यातल्या जमीनदार घराण्यातला. वडील पुढे अर्ल ऑफ स्ट्रॅडब्रोक झाले. घरात घोडे होतेच, पण हा धाकटा मुलगा. इस्टेट थोरल्याकडे जायची, धाकट्याने सैन्यात नाहीतर चर्चमध्ये जायचं, अशी तिकडची रीत. राऊस १८०८ मध्ये, तेराव्या वर्षी, आरमारात भरती झाला. नेपोलियनची युद्धं चालू होती, त्यात त्याने एड्रियाटिक समुद्रात लढाया बघितल्या.

पुढे १८२५ ते १८२९ या काळात तो रेनबो नावाच्या जहाजाचा कप्तान म्हणून हिंदुस्थान आणि ऑस्ट्रेलियाच्या समुद्रात होता. १८२८ मध्ये त्याने ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर रिचमंड नदीचं मुख शोधून नकाशावर आणलं. आज क्वीन्सलंडमध्ये लोक सुट्टीला ज्या नॉर्थ स्ट्रॅडब्रोक बेटावर जातात, त्याला नाव मिळालं ते या राऊसच्या वडिलांच्या पदवीवरून. आणि या सगळ्या धामधुमीत हा पठ्ठ्या सिडनीत पैदाशीचा घोडाही घेऊन आला होता.

आरमारात त्याचं नाव झालं ते मात्र एका अपघातामुळे. १८३५ च्या सप्टेंबरमध्ये तो पीक नावाची फ्रिगेट घेऊन कॅनडातून इंग्लंडला निघाला. लॅब्रेडोरच्या किनाऱ्याजवळ जहाज खडकावर चढलं. तासन् तास अडकून पडलं. शेवटी सुटलं, पण तळाला भगदाड, आणि पुढे सुकाणूही गेलं. अशा अवस्थेत, पंप मारत मारत, राऊसने ते जहाज अटलांटिक पार करून घरी आणलं. सुकाणूशिवाय सुमारे १५०० मैल.

चौकशी झाली, त्यात तो सुटला. पण ही त्याची समुद्रावरची शेवटची कामगिरी. पुढे १८६३ मध्ये ज्येष्ठतेने तो ॲडमिरल झाला खरा, पण तोपर्यंत त्याचं आरमार म्हणजे न्यूमार्केटच्या गवतावर पळणारे घोडे होते.

न्यूमार्केट हे इंग्लिश रेसिंगचं माहेरघर आणि जॉकी क्लब तिथली सत्ता. नाव जॉकी क्लब असलं तरी त्यात जॉकी कुणी नव्हते, सगळे उमराव. राऊस १८३८ मध्ये या क्लबचा स्टुअर्ड झाला. मध्ये काही वर्षं खासदारकी केली, थोडे दिवस नौदल खात्यातही बसला. पण मन रमलं ते इथेच.

त्या वेळी रेसिंगमध्ये चाललं होतं काय, तर सगळा सावळागोंधळ. तेव्हाच्या रेसिंगचा अनभिषिक्त राजा होता लॉर्ड जॉर्ज बेंटिंक. त्याचा एक किस्सा सांगायलाच हवा. तेव्हा घोडे एका गावाहून दुसऱ्या गावाला रेससाठी चालत जायचे. १८३६ मध्ये डॉनकास्टरच्या सेंट लेजर रेसच्या काही दिवस आधी बेंटिंकचा एलिस हा घोडा दूर दक्षिणेत गुडवुडला असल्याचं बुकींना कळलं. चालत येणं शक्यच नाही, म्हणून त्यांनी एलिसवर भाव वाढवून दिला. बेंटिंकने भरपूर पैसे लावले, घोड्यांनी ओढायची एक पेटीसारखी गाडी बनवून घेतली, एलिसला तिच्यात चढवलं आणि थेट डॉनकास्टरला उतरवलं. एलिस जिंकला. घोड्याला गाडीतून रेसला नेण्याची पद्धत अशी एका पैजेतून रुळली.

याच बेंटिंकने १८४४ च्या डर्बीतला घोटाळा बाहेर काढला. एप्सम डर्बी ही फक्त तीन वर्षांच्या घोड्यांची रेस. त्यात पहिला आलेला रनिंग रेन हा घोडा खरं तर चार वर्षांचा निघाला, नाव बदलून घुसवलेला. घोड्याच्या वयात एक वर्षाचा फरक म्हणजे सातवीच्या संघात दहावीचा पोरगा उतरवण्यासारखं आहे.

राऊसच्या डोक्यातला प्रश्न इथूनच सुरू होतो. मोठ्या वयाच्या घोड्याला जास्त वजन द्यायची पद्धत आधीपासून होती. पण किती जास्त? ते ज्याच्या त्याच्या मनावर, रेसकोर्सनुसार वेगळं. राऊसने घोड्यांच्या रेसच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली. वर्षानुवर्षं. त्यातून त्याला दिसलं की तीन वर्षांचा घोडा एप्रिलमध्ये चार वर्षांच्या घोड्यापेक्षा जेवढा कच्चा असतो, तेवढा तो ऑक्टोबरमध्ये राहत नाही, कारण मधल्या महिन्यांत तो वाढतो. आणि अंतर लांबलं की कच्चेपणा जास्त जाणवतो. म्हणजे सूट द्यायची तर ती वय, महिना आणि अंतर या तिन्हींवर अवलंबून पाहिजे. त्याने तसा तक्ता केला. इंग्रजीत त्याला वेट फॉर एज म्हणतात. त्याचं रेसिंगच्या कायद्यांवरचं आणि पद्धतीवरचं पुस्तक १८५० मध्ये आलं.

पुढच्याच वर्षी परीक्षा आली.

फ्लाइंग डचमन आणि व्हॉल्टिजर ही त्या काळातली दोन सगळ्यात मोठी नावं. डचमनने १८४९ ची डर्बी आणि सेंट लेजर जिंकलेली, व्हॉल्टिजरने १८५० ची डर्बी आणि सेंट लेजर. १८५० च्या डॉनकास्टर कपमध्ये दोघे समोरासमोर आले आणि तरुण व्हॉल्टिजरने कधीच न हरलेल्या डचमनला हरवलं. डचमनचा जॉकी पिऊन आला होता असं बोललं गेलं. शिवाय डचमनच्या पाठीवर तब्बल १९ पौंड जास्त होते. हरलेले म्हणाले हा काही निकाल नाही, जिंकलेले म्हणाले हाच निकाल. आपल्याकडे दोन क्रिकेटपटूंच्या फॅन्समध्ये जी जुंपते, ती तिथे घोड्यांवरून जुंपली.

मग दोन्ही मालकांनी, म्हणजे अर्ल ऑफ एग्लिंटन आणि अर्ल ऑफ झेटलंड यांनी, फक्त या दोघांचीच रेस ठरवली. १३ मे १८५१, यॉर्क, दोन मैल, प्रत्येकी १००० गिनी. वजन ठरवायला दोघांनाही मान्य असलेला एकच माणूस होता, कॅप्टन राऊस.

त्याने पाच वर्षांच्या डचमनला ८ स्टोन साडेआठ पौंड दिले आणि चार वर्षांच्या व्हॉल्टिजरला ८ स्टोन. आजच्या हिशोबाने साधारण ५४.७ किलो आणि ५०.८ किलो. तो अर्धा पौंड बघा. अर्धा पौंड म्हणजे पाव किलोच्याही आतला. दोन मैल पळणाऱ्या अर्ध्या टनाच्या जनावराला त्याने काय फरक पडणार? पण राऊसचा हिशोब तिथपर्यंत जात होता.

यॉर्कला लाखभर लोक जमले असं सांगितलं जातं. व्हॉल्टिजर सुरुवातीपासून पुढे निघाला, डचमन मागे. शेवटच्या टप्प्यात डचमनने गाठलं आणि जेमतेम एका लांबीने तो जिंकला. दोन मैलांत फक्त एका घोड्याच्या लांबीचा फरक. पैसे डचमनवाल्यांना मिळाले, पण राऊसचा शब्द या दिवसानंतर कुणी सहज मोडला नाही.

१८५५ मध्ये तो अधिकृतपणे सार्वजनिक हँडिकॅपर झाला. साठीला आलेला माणूस, जाड कापडाचं आरमारी जाकीट, पायात लांब काळे बूट, हातात दुर्बीण. विनिंग पोस्टपाशी तो फारसा थांबायचा नाही. न्यूमार्केटला तो पोस्टच्या बराच अलीकडे जाऊन उभा राहायचा. कारण जिंकणारा कोण हे पोस्टवर सगळ्यांनाच दिसतं. कोणता जॉकी जिंकायचा प्रयत्नच करत नाहीये, हे मात्र अलीकडे उभं राहिल्यावर दिसतं.

हँडिकॅपची खरी गोम ती हीच.

विचार करा, तुमचा घोडा चांगला आहे. तो जिंकला की पुढच्या वेळी हँडिकॅपर त्याच्या पाठीवर वजन वाढवणार. हरला की कमी करणार. मग सोपा मार्ग कोणता? दोन-तीन रेस मुद्दाम हरायच्या. न झेपणाऱ्या अंतराला उतरवायचा, जॉकीला लगाम आवळून धरायला सांगायचं. वजन उतरतं. लोक घोड्याला विसरतात, म्हणून भावही चढतो. मग एखादी मोठी हँडिकॅप रेस गाठायची, गुपचूप पैसे लावायचे आणि घोडा मोकळा सोडायचा. म्हणजे सगळ्यांना समान संधी देणारी व्यवस्थाच लपवाछपवीला बक्षीस देते. राऊसला हे पुरतं ठाऊक होतं. प्रत्येक मोठी हँडिकॅप रेस ही फसवणुकीला दिलेलं आमंत्रण आहे असं त्याचं मत होतं, आणि तरीही आयुष्यभर तो हँडिकॅपच करत राहिला. कारण हँडिकॅप नसेल तर चारच चांगले घोडे सगळं जिंकणार, बाकीच्यांचे मालक घरी बसणार.

कधीकधी मात्र गणित सुरेख जमायचं. १८५७ च्या सिझेरविच या न्यूमार्केटच्या लांब पल्ल्याच्या हँडिकॅपमध्ये प्रायोरेस, एल हकीम आणि क्वीन बेस असे तीन घोडे एकदम पोस्टवर आले. एकालाही पुढे म्हणता येईना. तिघांना पुन्हा पळवावं लागलं, तेव्हा अमेरिकेहून आलेली प्रायोरेस जिंकली. सगळे घोडे एकाच क्षणी पोस्टवर पोहोचणं हे हँडिकॅपरचं स्वप्न असतं. इथे तीन पोहोचले.

पण वजनाच्या काट्याला जे जमतं ते माणसांच्या हावेला लागू होत नाही. राऊसच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड प्रकरण आलं ते म्हातारपणी, आणि त्यातल्या मुख्य पात्राचं आपल्याशी एक नातं आहे.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा इंग्रजांचा गव्हर्नर जनरल होता लॉर्ड हेस्टिंग्ज, पहिला मार्क्वेस. त्याचा नातू हेन्री, चौथा मार्क्वेस ऑफ हेस्टिंग्ज. विशीतच अफाट इस्टेटीचा मालक आणि तितकाच अफाट जुगारी. १८६४ मध्ये लेडी फ्लोरेन्स पॅजेट या तरुणीचं लग्न हेन्री चॅप्लिन या जमीनदाराशी ठरलेलं होतं. ती लंडनमधल्या मार्शल अँड स्नेलग्रोव्ह या दुकानात एका दाराने शिरली, दुसऱ्या दाराने बाहेर पडली आणि हेस्टिंग्जशी लग्न करून मोकळी झाली.

तीन वर्षांनी चॅप्लिनचा हर्मिट हा घोडा डर्बीत उतरणार होता. हेस्टिंग्जने हर्मिट हरणार यावर पैसे लावायला सुरुवात केली. इथे एक गोष्ट समजून घ्या. घोडा जिंकेल म्हणून पैसे लावले तर जास्तीत जास्त लावलेले पैसे जातात. पण घोडा हरेल म्हणून तुम्ही बुकीसारखा भाव दिला आणि तो जिंकला, तर भावाच्या पटीत पैसे द्यावे लागतात. डर्बीच्या काही दिवस आधी हर्मिटच्या नाकातून रक्त आलं, तो संपला असं सगळ्यांना वाटलं, भाव ६६ ला १ पर्यंत गेला. २२ मे १८६७ ला गारठ्यात, बर्फ भुरभुरत असताना डर्बी झाली आणि हर्मिट मानेच्या फरकाने जिंकला. हेस्टिंग्जचे सुमारे १,२०,००० पौंड गेले.

बायको घालवलेल्या माणसाच्या घोड्याने नवऱ्याला बुडवलं. सिरियलवाल्यांनी असं लिहिलं असतं तर आपण हसलो असतो.

सावकार दारात आले. पुढच्या वर्षीच्या डर्बीत हेस्टिंग्जची लेडी एलिझाबेथ ही घोडी फेव्हरेट होती. ती कुठच्या कुठे मागे राहिली. त्याचा दुसरा चांगला घोडा, द अर्ल, डर्बीतून ऐनवेळी काढून घेण्यात आला आणि काहीच दिवसांत त्याने पॅरिसची ग्रां प्री जिंकली. लोकांचे पैसे बुडाले होते, लोक चिडले.

७३ वर्षांच्या राऊसने टाइम्सला पत्र धाडलं. त्यात त्याने हेस्टिंग्जला जाळ्यात सापडलेली माशी ठरवलं आणि सावकार पॅडविक व ट्रेनर जॉन डे यांच्याकडे बोट दाखवलं. डेने बदनामीचा दावा ठोकला. ज्याची बाजू राऊस घेत होता त्या हेस्टिंग्जनेच जाहीरपणे त्याचं म्हणणं खोडून काढलं. राऊस हटेना. पण त्याच नोव्हेंबरमध्ये हेस्टिंग्ज वयाच्या २६ व्या वर्षी वारला. ज्याच्या साक्षीवर सगळं उभं होतं तोच गेला. राऊसने पत्र मागे घेतलं, डेने दावा सोडला. नेमकं कुणी कुणाला फसवलं हे कोर्टात कधी आलंच नाही.

माझ्या मते राऊसची इथे चूक झाली. पुरावा हातात नसताना त्याने नावं घेतली. दुर्बिणीतून जॉकीचा लगाम दिसतो, सावकाराची वही दिसत नाही. पण उमरावांच्या त्या क्लबमध्ये बाकीचे सगळे गप्प बसले होते आणि बोलला तो एकटा, हेही खरं आहे. स्वतः तो छोट्या रकमांचाच खेळाडू होता. रेसवर थोडी पैज असावी, पण इस्टेटी जाऊ नयेत, असं त्याला वाटे. रेसिंगने त्याचा तक्ता घेतला, हा सल्ला घेतला नाही.

तक्त्यात तो सुधारणा करतच राहिला, १८७३ मध्येही केल्या. १९ जून १८७७ ला लंडनमध्ये तो वारला.

त्याच्या तक्त्याचे वारस आजही जगभर वापरात आहेत. पॅरिसला ऑक्टोबरमध्ये आर्क द ट्रिओम्फ ही जगातल्या सगळ्यात मोठ्या रेसपैकी एक होते. तिथे तीन वर्षांचे घोडे मोठ्यांपेक्षा ३ किलो कमी घेऊन पळतात, ती वयाची सूट राऊसच्याच कल्पनेतली. ब्रिटनमध्ये हँडिकॅपर प्रत्येक घोड्याला रेटिंग देतात आणि रेटिंगचा एक पॉइंट म्हणजे एक पौंड वजन. महालक्ष्मी आणि पुण्याच्या रेसकार्डवर घोड्याच्या नावापुढे जे वजन छापलेलं असतं, तेही बहुतेक रेसमध्ये अशाच रेटिंगवरून येतं. मुरलेला पंटर आधी घोड्याचं नाव बघत नाही. मागच्या रेसला वजन किती होतं आणि आज किती आहे, हे बघतो. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने घोड्यांची रेस हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असा निकाल दिला, त्यामागे घोड्याच्या पैदाशीपासून जॉकीपर्यंतच्या अभ्यासाचाच विचार होता. अर्थात असा अभ्यास करूनही पैसे घालवणारे रांगेने भेटतात.

आणि वजनाने खरंच फरक पडतो का, असा प्रश्न अजूनही असेल तर ऑस्ट्रेलियाकडे बघा, जिथे तरुण राऊस जहाज घेऊन गेला होता. मेलबर्न कप ही तिथली सगळ्यात मोठी रेस, १८६१ पासून हँडिकॅप. १९३० मध्ये फार लॅप या लाडक्या घोड्याने ६२.५ किलो घेऊन ती जिंकली. पुढच्या वर्षी हँडिकॅपरने त्याच्या पाठीवर ६८ किलो ठेवले. तोच घोडा, तोच ट्रॅक. फार लॅप आठवा आला.